भ्रमाची साथ

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगांव लागतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि पुढें त्याच्या मुख्य कचेऱ्या ह्या कोळगांवांत उभ्या राहिल्या. येथून थोड्याच अंतरावर बोईसरचे कारखाने व तारापूरचें अणुविद्युत्केंद्र आहे. अणुशक्तीपासून काढलेली वीज देशांत प्रथम १९६९ सालीं तेथेंच मिळूं लागली. पूर्वेस गेलें म्हणजे मात्र सह्याद्रीचे पायथे, विखुरलेले पाडे, जंगल आणि रात्रीं निर्मनुष्य होणारे अरुंद रस्ते लागतात. जिल्ह्याच्या कचेरींत कोणतेंही संकट कागदाच्या रूपानें येतें. तक्रार, जबाब, पंचनामा, अहवाल ह्या सर्वांवर नांव असतें, तारीख असते, सही असते. अफवेला ह्यांतील कांहींच लागत नाहीं. ती कागदाच्या आधीं निघते, आणि कित्येकदां कागद येऊन पोंचेपर्यंत तिचें काम उरकलेलें असतें.

१६ एप्रिल २०२० च्या रात्रीं ह्याच जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यांत गडचिंचले गांवीं असेंच घडलें. दोन साधु एका मोटारींतून मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठीं निघाले होते. त्यांतील एक सत्तरीचे होते. महासाथीमुळें देशभर टाळेबंदी होती, मुख्य रस्त्यांवर अडथळे होते, म्हणून त्यांनीं आंतला रस्ता धरला. गडचिंचल्याजवळ वनखात्याच्या चौकीपाशीं त्यांची मोटार अडविण्यांत आली. त्या भागांत कित्येक दिवस कंडी पिकली होती, कीं रात्रीं चोर फिरतात, मुलें पळवितात, माणसांचीं मूत्रपिंडें काढून नेतात. पाहतां पाहतां मोठा जमाव जमला. पोलिस आले, त्यांनीं त्या तिघांना आपल्या गाडींत घेतलें. परंतु जमावानें पोलिसांच्या गाडीवरही हल्ला केला, आणि दोन्ही साधु व त्यांचा मोटारचालक असे तिघेही मारले गेले. ते चोर नव्हते, मुलें पळविणारेही नव्हते. त्याच परिसरांत त्याआधीं दोनच दिवस एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला होता. तेही लोकांच्या मदतीसाठींच फिरत होते.

ही हकीगत ऐकून शहरांतील सुशिक्षित मनुष्याच्या मनांत पहिला विचार येतो तो असा, कीं हा अडाणीपणाचा प्रताप आहे. शाळा वाढल्या, दिवे आले, कीं असले प्रकार आपोआप थांबतील. हा विचार सोयीचा आहे, कारण त्यायोगें भ्रम नेहमीं दुसऱ्याच्याच घरीं राहतो. परंतु तो कितपत खरा आहे, हें तपासून पाहणें अवश्य आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं गडचिंचल्याची अफवा नवी नव्हती. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. रोग पसरूं लागला तशी रोग्यांना सक्तीनें इस्पितळांत नेण्यास सुरुवात झाली. लगेच शहरांत आवई उठली, कीं इस्पितळांत नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या देहांतून मोमियाई काढतात. मोमियाई म्हणजे मनुष्याला उलटा टांगून, खालीं जाळ करून, त्याच्या शरीरांतून गाळलेलें एक रामबाण तेल, अशी फार जुनी समजूत होती. ऑक्टोबरांत सुमारें हजार गिरणी-कामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. हें कोण्या रानांत घडलें नाहीं. जेथें विश्वविद्यालय, उच्च न्यायालय आणि मोठमोठीं वर्तमानपत्रें होतीं, त्या मुंबईंत हें घडलें.

१८९६ सालची मोमियाई आणि २०२० सालचें मूत्रपिंड ह्यांत अंतर केवळ नांवाचें आहे. कोणी परका येतो, गरिबाच्या देहांतून कांहीं मोलाची वस्तु काढून घेतो आणि ती दूरच्या श्रीमंताला पोंचवितो, ही मूळ गोष्ट दोन्हींकडे एकच आहे. पूल बांधतांना पायांत मुलें पुरतात, ही समजूतही तिचीच बहीण. अशा गोष्टी समाजाच्या स्मृतींत बियाण्यासारख्या पडून असतात. पाऊस पडला कीं त्या रुजतात, व प्रत्येक वेळीं त्या काळाची भाषा बोलूं लागतात. तेलाच्या काळीं त्यांनीं तेल सांगितलें, शस्त्रक्रियेच्या काळीं त्या अवयव सांगतात.

शिवाय अशा गोष्टींत सत्याचा एक कण बहुधा असतोच. प्लेगच्या इस्पितळांत गेलेला रोगी क्वचितच परत येई, हें लोक डोळ्यांनीं पाहत होते. त्याला तेथें नेईपर्यंत रोग हाताबाहेर गेलेला असे, हें त्यांना दिसत नव्हतें. सरकारी माणसें घरांत शिरून आप्तांना उचलून नेत होतीं, हेंही खोटें नव्हतें. पाहिलेलें खरें होतें, त्यावरून काढलेला अर्थ तेवढा खोटा होता. म्हणून अफवा खोडून काढणारा जेव्हां "हें सर्व खोटें आहे" असें सरसकट म्हणतो, तेव्हां ऐकणाऱ्याला वाटतें, ह्याला आमचें दुःखच ठाऊक नाहीं. आणि मग त्याच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

दुसरा प्रश्न असा, कीं हें बियाणें अमुकच वेळीं का रुजतें? १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत मोठा भूकंप झाला. त्यानंतर लोकांत पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद नांवाच्या मानसशास्त्रज्ञांनीं गोळा केल्या, आणि पुढें अमेरिकेंतील लिऑन फेस्टिंजर यांनीं त्यांचा विचार केला. त्यांना एक गोष्ट चमत्कारिक वाटली. ज्यांना धक्का जाणवला होता, परंतु ज्यांच्या भोंवतीं विध्वंस झालेला नव्हता, अशा लोकांत याहूनही मोठीं संकटें येणार अशा वार्ता पसरल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला समाधानाच्या गोष्टी हव्याशा वाटाव्यात, असें कोणीही म्हणेल. मग हे लोक भयाच्या गोष्टी का सांगत होते? फेस्टिंजर यांचें उत्तर असें, कीं भीति आधीं आली होती, पण तिला शोभेल असें कारण डोळ्यांपुढें नव्हतें. अफवेनें तें पुरविलें. अफवेमुळें माणसें भितात हें खरें. परंतु माणसें भितात म्हणून अफवेला जागा मिळते, हेंही तितकेंच खरें.

हें लक्षांत घेऊन डहाणू तालुक्याकडे पाहावें. नोव्हेंबर २०१८ पासून त्या भागाला भूकंपाचे लहानमोठे धक्के वारंवार बसत होते आणि कित्येक कुटुंबांनीं घराबाहेर रात्री काढल्या होत्या. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली. हातचें काम गेलें, बाजार बंद झाले, रस्ते ओस पडले. जो रोग येणार म्हणून सांगत, तो डोळ्यांना दिसत नव्हता. न दिसणाऱ्या शत्रूशीं मनुष्याला झुंजतां येत नाहीं. चोराशीं मात्र येतें. त्याला चेहरा असतो, पाय असतात. त्याच्यासाठीं काठी घेऊन वेशीवर उभें राहतां येतें. निराकार भीतीला आकार मिळाला, कीं मनाला एक प्रकारचा आधार वाटतो, आणि ह्या आधाराची किंमत एखादा वाटसरू देतो.

ही गोष्ट केवळ निरक्षरांची असती, तर फ्रान्समधील ऑर्लेआं शहर तिच्यांतून सुटलें असतें. १९६९ च्या मे महिन्यांत तेथें बोलवा झाली, कीं कपड्यांच्या कांहीं दुकानांत तरुण मुलींना गुंगीचें औषध देऊन पळविण्यांत येतें. हीं दुकानें बहुतेक यहुदी व्यापाऱ्यांचीं होतीं. दुकानांसमोर गर्दी जमूं लागली आणि मालकांना जिवाची धास्ती पडली. त्या शहरांतील एकही मुलगी नाहींशी झालेली नव्हती! एद्गार मोरँ ह्या समाजशास्त्रज्ञानें तेथें जाऊन ह्या प्रकाराचा अभ्यास केला व त्यावर ग्रंथ लिहिला. ज्या वर्षीं माणसाचें पाऊल चंद्रावर पडलें, त्याच वर्षींची ही हकीगत आहे. हरवलेली मुलगी कोणाची, एवढा एक प्रश्न नेटानें विचारला जाता, तर सगळें बंड तेथेंच बसलें असतें. परंतु तो विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं, कारण उत्तर सर्वांनाच ठाऊक होतें.

सर्वांना ठाऊक असणें, हाच येथें खरा धोका आहे. व्यवहारांत मनुष्य साक्षीदार मोजतो, व तें योग्यच आहे. परंतु अफवेच्या बाबतींत तो मुखें मोजतो, डोळे मोजत नाहीं. एकाच गोष्टीचे दहा सांगणारे भेटले म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असें त्याला वाटतें; वस्तुतः त्या दहांनीं एकाचेंच ऐकलेलें असतें, आणि त्या एकानें कोणाचें ऐकलें, तें कोणास ठाऊक नसतें. आतां तर ऐकण्याच्या जोडीला पाहणेंही आलें आहे. २०१८ सालीं भारतांत मोबाइलवरून एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरचें मूल उचलून नेतात, असें तींत दिसे. मूळांत ती कराचींतील एका संस्थेनें मुलांच्या सुरक्षिततेविषयीं जागृति व्हावी म्हणून काढलेली होती. शेवटीं ते दोघे मूल परत आणून सोडतात व एक फलक दाखवितात. तेवढा शेवट कोणी तरी कापून टाकला. उरलेला भाग खोटा नव्हता, केवळ अर्धा होता. आणि अर्धें सत्य हातांत पडल्यावर लोकांनीं उरलेलें अर्धें आपल्या मनचें जोडलें.

त्याच वर्षीं १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, पांच जणांना मुलें पळविणारे समजून लोकांनीं ठार मारलें. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें भागांतून आलेले भिक्षेकरी होते. गांवोगांव फिरून भिक्षा मागणें हा त्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म. अनोळखी गोसावी दारांत आला कीं त्याच्या झोळींत पसाभर धान्य घालावें, ही महाराष्ट्रांतील घरोघरची रीत होती. तोच गोसावी, तीच झोळी. पाहणाऱ्याची दृष्टि मात्र पालटली होती.

अफवा एकदां कृतींत उतरली कीं ती स्वतःच स्वतःचा पुरावा निर्माण करते. गांवानें रात्रीचा पहारा बसविला, म्हणजे नव्या येणाऱ्याला वाटतें, धोका असल्यावांचून का एवढीं माणसें जागत असतील? काठ्या घेतलेला घोळका पाहून एखादा वाटसरू भिऊन पळाला, तर त्याचें पळणें हाच त्याच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरतो. तो थांबून उत्तर देऊं लागला आणि त्याची भाषा निराळी निघाली, तर तोही पुरावाच. भ्रमाच्या न्यायसभेंत आरोपीला निर्दोष ठरविणारें उत्तरच नसतें.

आतां शहराकडे वळावें. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो ही वार्ता एका दिवसांत देशभर व परदेशांतील हिंदु वस्त्यांतही पसरली. पातळ पदार्थाच्या पृष्ठताणामुळें व केशाकर्षणानें चमच्यांतील दूध मूर्तीच्या अंगाला ओढलें जाऊन खालीं ओघळतें, हें शास्त्रज्ञांनीं रंगीत दूध वापरून दाखविलें. ऑगस्ट २००६ मध्यें माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचें पाणी गोड झालें म्हणून हजारों लोक बाटल्या भरभरून तें प्यायले. पावसाळ्यांत नदीचें पाणी खाडीच्या तोंडाशीं समुद्रांत मिसळत होतें, आणि त्याबरोबर शहराचें सांडपाणीही होतें. ह्या दोन्ही रांगांत शिकलेलीं माणसें पुष्कळ होतीं. त्यांनीं कोणाला मारलें नाहीं, हें खरें. पण रांग लागली आहे म्हणून तेथें कांहीं तरी असलेंच पाहिजे, हा त्यांचा तर्क राईनपाड्याच्या बाजारांतील तर्काहून निराळा नव्हता.

परंतु शहराचा खरा कस गडचिंचल्याच्या घटनेनंतर लागला. त्या रात्रीच्या चित्रफिती दोनतीन दिवसांत देशभर पोंचल्या. तिघांचा तो मृत्यु पाहून कोणाचेंही मन हेलावून जावें असाच प्रसंग होता. पण शोकाबरोबर एक नवी अफवा निघाली, कीं ही हत्या मुसलमानांनीं केली. चित्रफितीच्या गोंगाटांत एक मनुष्य "ओय, बस" असें ओरडत आहे. त्या शब्दांच्या जागीं पुष्कळांना "शोएब" हें नांव ऐकूं आलें. ज्यांना आधीं आलें नव्हतें, त्यांना कोणी सांगितल्यावर येऊं लागलें. २२ एप्रिल रोजीं राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून सांगावें लागलें, कीं त्यांत एकही मुसलमान नाहीं. थांबविण्यासाठीं उच्चारलेला "बस" हा शब्द हजारों सुशिक्षित घरांत चिथावणी म्हणून ऐकला गेला, ह्याहून भ्रमाचें अधिक बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

पाड्यावरच्या माणसांपाशीं अंधार होता, गर्दी होती आणि विचाराला फारसा अवधि नव्हता. त्यामुळें त्यांचा अपराध हलका होत नाहीं. तीन माणसें त्यांच्या हातून गेलीं. परंतु शहरांतील वाचकापाशीं दिवा होता, वर्तमानपत्र होतें, पुन्हां पुन्हां ऐकून पाहण्याची सोय होती आणि टाळेबंदीमुळें वेळही भरपूर होता. इतकें सर्व असूनही त्यानें तेंच केलें. भीति आधीं होती, परक्याची प्रतिमा आधीं होती. अफवेनें दोहोंची गांठ घालून दिली. शिक्षणानें मनुष्याला शंका घेण्याचें साधन मिळतें. तें कोणावर चालवायचें, हें मात्र तो स्वतःच ठरवितो, आणि बहुधा तें आपल्या पक्षाच्या गोष्टीवर चालवीत नाहीं.

मग खरें कळल्यावरही भ्रम का टिकतो? वर सांगितलेल्या फेस्टिंजर यांनींच ह्याचाही शोध घेतला. १९५४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील एक लहानसा पंथ अमुक दिवशीं जलप्रलय होणार म्हणून वाट पाहत बसला होता. कित्येकांनीं नोकऱ्या सोडल्या होत्या, चीजवस्तु देऊन टाकल्या होत्या. तो दिवस उजाडला आणि गेला. प्रलय झाला नाहीं. पंथ विरून जावा, तर उलट एकत्र राहिलेले अनुयायी अधिक हिरिरीनें प्रचार करूं लागले. ज्यानें भ्रमासाठीं कांहीं गमावलें आहे, त्याला भ्रम सोडणें म्हणजे आपण मूर्ख ठरलों असें कबूल करणें होय. त्यापेक्षां आणखी चार सोबती मिळविणें सोपें वाटतें. लहान प्रमाणावर हेंच घरोघर चालतें. खोटी वार्ता दहा जणांना पाठविणारा, ती खोटी ठरल्यावर त्याच दहांना "चूक झाली" असें क्वचितच कळवितो. अफवेला धांवणारे पुष्कळ मिळतात. खुलासा पायींच चालतो.

कायदा व शासन ह्यांनीं हात जोडून बसावें, असा ह्याचा अर्थ नव्हे. १७ जुलै २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठीं प्रत्येक जिल्ह्यांत जबाबदार पोलिस अधिकारी नेमावा, अफवांवर नजर ठेवावी, असे आदेश दिले. त्याच महिन्यांत व्हॉट्सअॅपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली. दोन्ही उपाय आवश्यक होते. तरी पावणेदोन वर्षांनीं गडचिंचलें घडलेंच. कारण यंत्राला मर्यादा घालतां येते, तोंडाला घालतां येत नाहीं. आणि अधिकारी पोंचेपर्यंत जो वेळ जातो, तेवढाच जमावाला पुरतो.

ह्या मधल्या वेळांत काय उपयोगी पडतें, ह्याची थोडी कल्पना सॉलोमन अॅश यांच्या प्रयोगांवरून येते. १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं साध्या रेघा दाखवून कोणती कोणतीएवढी आहे, हें विचारलें. आधीं पढवून ठेवलेले सर्व सोबती एकमुखानें चुकीचें उत्तर देत. तें ऐकून ज्याची परीक्षा चालली होती, तो सुमारें एकतृतीयांश वेळां डोळ्यांपुढचें खरें सोडून त्यांच्या बाजूला जाई. पण सोबत्यांपैकीं एकानेंही खरें उत्तर दिलें, तर हें प्रमाण अगदीं खालीं येई. त्याला बहुमत लागत नव्हतें. एक सोबती पुरत होता. गडचिंचल्याच्या सरपंच बाईंनीं त्या रात्रीं जमावाला आवरण्याचा प्रयत्न केला. तो सफळ झाला नाहीं. एक आवाज नेहमींच पुरतो असें नाहीं, आणि रात्र चढल्यावर, काठ्या उचलल्यावर तर तो फारच एकटा पडतो. म्हणून तो आधीं, दिवसाउजेडीं, पहिल्या बोलण्याच्या वेळींच उठावा लागतो.

मराठींत 'साथ' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोग पसरतो ती साथ, आणि सोबत करावी तीही साथ. भ्रम पहिल्या अर्थानें येतो, पण टिकतो तो दुसऱ्या अर्थानें. कोणी ना कोणी त्याला साथ देत असतें म्हणून. घरांत चहाच्या वेळीं कोणी सांगूं लागतें, अमुक वस्तींत मुलें पळवितात, तमुक जातीच्या माणसांनीं असें केलें. ऐकणारे हळहळतात, कोणी आपल्याही ऐकिवातलें एखादें जोडतें, आणि वार्ता दुसऱ्या घरीं निघते. त्या जागीं एखाद्यानें शांतपणें एवढेंच विचारावें: मूल कोणाचें? पाहिलें कोणी? त्याचें नांव काय? सांगणाऱ्याला राग येईल, क्षणभर बैठक अवघडेल. पण कोळगांवच्या कचेरींत पंचनाम्याच्या कागदावर जे प्रश्न माणूस गेल्यानंतर विचारले जातात, तेच हे प्रश्न आहेत. घरांत ते वेळेवर विचारले गेले, तर कित्येक पंचनामे लिहावेच लागणार नाहींत.